आजीची पैठणी नेसायची की तशीच नवी विणून घ्यायची

चर्र असा आवाज आला आणि आम्ही तिघी एकदम गप्प झालो.

जून संपत आला होता, भावाचं लग्न ठरलं होतं, तारीख माघातली निघाली होती, आणि मी, आई आणि मावशी कोपरगावला आजोळच्या घरात आजीच्या लोखंडी ट्रंकेसमोर बसलो होतो. पैठणी बाहेर काढली, मलमलचं फडकं सोडलं, पहिली घडी उलगडली, दुसरी उलगडली, आणि तिसऱ्या घडीला, कोणी ओढलं नाही काही नाही, नुसतं उचललं होतं हो, तर घडीच्या रेषेवर वीतभर फाटली. पलीकडे कॉटवर आजी बसलेली. तिला आता फारसं दिसत नाही पण तो आवाज तिला बरोबर ऐकू आला. म्हणाली, "विरलीये गं ती. किती वर्षं झाली."

१९५१ साली झालं तिचं लग्न. तेव्हाची ही पैठणी, येवल्याहून आणलेली. नऊवारी, वांगी रंगाची, हिरवे काठ, आणि पदरावर आसावली, म्हणजे ती वेल आणि फुलं असतात ना सोन्यासारख्या जरीत, ती. मी लहान असल्यापासून घरात ठरलेलं होतं की ही पैठणी मी नेसणार. माझ्या लग्नात राहूनच गेलं (रजिस्टर केलं आम्ही, घरची २० माणसं), म्हणून मग भावाच्या लग्नात करवली म्हणून नेसायची असं मी मनाशी पक्कं केलेलं. आणि त्या एका आवाजाने सगळं डोक्यात उलटंपालटं झालं.

पुढचे आठ महिने याच विषयात गेले म्हणून आज सगळं लिहून काढतेय. मला मेसेज करून विचारणाऱ्या बऱ्याच मैत्रिणी आहेत, की घरातली जुनी साडी नेसावी की तशीच दिसणारी नवी घ्यावी, की ऑनलाइन व्हिंटेज म्हणून मिळते ती घ्यावी. माझं उत्तर शेवटी काय झालं ते सांगते, पण ते एका दिवसात आलेलं नाही.

घरात तीन मतं होती. आईचं म्हणणं, रफू करून घेऊ, आतून अस्तर लावू, पण नेस तीच, आजीचा हात फिरलाय तिच्यावर. मावशीचं म्हणणं, काठ-पदर कापून काढू आणि नव्या कोऱ्या रेशमावर बसवून घेऊ, पुण्यात करून देणारे खूप आहेत, आणि उरलेल्या अंगातून नातींना एकेक ब्लाउज नाहीतर ओढणी. मला त्या दिवशी दोन्ही पटत नव्हतं पण का पटत नाही ते सांगताही येत नव्हतं.

मग मी वाचायला लागले, विचारायला लागले. रेशीम म्हणजे शेवटी प्रथिन आहे, आपल्या केसांसारखं. उजेडाने, घामाने, दमट हवेने ते आतून कमकुवत होत जातं आणि वरून काही कळत नाही. त्यात साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की त्या रेषेवरचे धागे मोडायला येतात. त्यात पुन्हा पैठणीत जरी असते, म्हणजे धातूची चपटी तार धाग्यावर गुंडाळलेली, ती जड असते आणि शेजारच्या मऊ रेशमाला घासत राहते. आजीची साडी आम्ही किचनच्या वजनकाट्यावर ठेवली तर ९४० ग्रॅम भरली. आता हे जवळजवळ किलोभर वजन खांद्यावरून सोडायचं, वर पिन लावायची, मांडवात आठ तास वावरायचं, वाकायचं, बसायचं, नाचायचं. जे रेशीम उचलल्यावर फाटतं ते हे सोसेल का? रफू करणाऱ्या काकांनाही मी फोटो पाठवले होते, ते म्हणाले ताई, रफू भोकाला होतो, जिथे आजूबाजूचं कापड धड आहे तिथे होतो, इथे सुई घातली की बाजूला नवीन भोक पडेल. मावशीच्या कल्पनेचंही तेच. पदर कापून नव्या कापडावर बसवला तरी तो पदर ७० वर्षांचाच, शिवणीपाशी ताण बसून तिथून सुटणार. आणि अंग कापून ब्लाउज? मला ते ऐकवत नव्हतं, मी स्पष्ट सांगितलं मावशीला, ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

मध्येच एक सांगते. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एक "व्हिंटेज पैठणी" ऑनलाइन घेतलेली आहे. एका पेजवर लाइव्हमध्ये दाखवली, १९६० च्या आसपासची, एका जुन्या वाड्यातून आलेली, एकच पीस, लगेच बुक करा. १४ हजार रुपये दिले मी. हातात आली तेव्हा रंग सुंदर, जरी जराशी काळपट, अगदी जुनी वाटावी अशी. पण मागची बाजू बघितली आणि पोटात गोळा आला. पदराच्या मागे धाग्यांचं नुसतं जंजाळ, काही ठिकाणी कापलेले धागे. मशीनवरची होती, आणि नवी होती. ती काळपट जरी म्हणजे बाजारात "अँटिक जरी" म्हणून नवीनच मिळते ती, मुद्दाम मंद रंगाची बनवलेली. परत घ्यायला नकार दिला त्यांनी. पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते हे की त्या वाड्याची गोष्ट मी खरी मानून चार जणींना सांगितली होती.

तेव्हा ही एक गोष्ट सगळ्यांनी पक्की लक्षात ठेवा, पैठणी आधी उलटी करून बघायची. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते, तिला तिल्ली म्हणतात, आणि विणकर एकेक रंग हाताने तेवढ्याच जागेत फिरवून आणतो, शेजारचा रंग आला की दोन धागे एकमेकांत अडकवतो आणि मागे फिरतो. त्यामुळे धागा मागून ओढत न्यावा लागत नाही, आणि पदर पुढून-मागून सारखाच दिसतो. पोपट आहे तर मागेही पोपटच. मशीनवर किंवा जॅकार्डवर (म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रावर) नक्षी काढली की जिथे तो रंग नको तिथे धागा मागे लोंबत राहतो, मग तो कापतात नाहीतर वर जाळी लावून झाकतात. दुसरं म्हणजे शिक्के. सिल्क मार्क असला म्हणजे रेशीम अस्सल आहे एवढंच कळतं, हातमागाची आहे हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. दुकानात सिल्क मार्क दाखवून हातमागाची म्हणून विकतात आणि आपण मान डोलावतो.

आणि हे मी सेमी पैठणीच्या, म्हणजे मशीनवरच्या स्वस्त पैठणीच्या, विरोधात म्हणत नाहीये. दोन-तीन हजाराची सेमी पैठणी नेसून हळदीकुंकवाला बाई किती छान दिसते, माझ्याकडेही आहेत दोन, धुवायला सोप्या, पडल्या-झडल्या तरी जीव वर येत नाही. ती सेमी म्हणून विकली तर काहीच तक्रार नाही. पैठणीला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं अशी सरकारी नोंद, मिळालेलं आहे, येवला-पैठणची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतायत, त्यांच्या नावावर मशीनचा माल खपवला की मला राग येतो, बास.

असो. तर आजीकडे वळते.

श्रावणात पुन्हा कोपरगावला गेले तेव्हा एका दुपारी आजीला सहज विचारलं की आजी ही साडी कोणी पसंत केली होती? तर म्हणाली पसंत कसली, सासूबाईंची होती तशी विणून घ्या असं सासऱ्यांनी येवल्याला सांगितलं होतं. मी उडालेच. म्हणजे पणजीकडे अशीच एक पैठणी होती, काळी चंद्रकळा, पण पदर हाच, हीच आसावली, आणि ती पैठणी पाहून आजीची विणली गेली. मग पणजीची कुठे गेली? आजी शांतपणे म्हणाली, "बहात्तरात गेली."

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या भागात नुसतं बहात्तर म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाल्लाय, सरकारी वाटपाची सुकडी खाल्लीये, खडी फोडायला गेलेत लोक. घरातली भांडी गेली, मग आजीच्या पाटल्या गेल्या, मग पणजीने स्वतःच ती पैठणी काढून दिली. सोनाराने पदर आणि काठ कापून जाळले, राखेतून चांदी काढली, वजन केलं आणि पैसे दिले. आजी तिथे उभी होती. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, तो तिला अजून आठवतो म्हणाली. तिची स्वतःची पैठणीही गाठोड्यात बांधून तयार होती, पण तेवढ्यात आजोबांना रोजगार हमीवर हजेरी लिहायचं काम मिळालं म्हणून ती वाचली.

जुनी जरीची वस्त्रं अशीच संपली आपल्याकडे, घरोघरी. खरी जरी म्हणजे चांदीच्या तारेला सोन्याचा मुलामा, अडीअडचणीला विकता यायची. कित्येक साड्या सोनाराच्या भट्टीत गेल्या, कित्येक बोहारणीला स्टीलच्या डब्यावर आणि पातेल्यावर दिल्या गेल्या. ज्या उरल्या त्यातल्या काही आता संग्रहालयात काचेआड आहेत आणि काही आपल्या ट्रंकेत.

पण त्या दुपारी माझ्या डोक्यात जो उजेड पडला तो वेगळा होता. पणजीचं कापड गेलं, पण पणजीचा पदर गेला नाही. कारण कोणीतरी १९५१ साली येवल्याला जाऊन सांगितलं होतं की अशीच दुसरी विणा. मी ज्या साडीला "ओरिजिनल" म्हणून कवटाळून बसले होते तीच मुळात कशावरून तरी विणलेली होती! मी नवी विणून घेणं म्हणजे नकली घेणं असं इतके दिवस मानत होते, ते तिथेच संपलं. फक्त विणायची पद्धत तीच हवी. हाताने, तिल्लीने, धागे मोजून. नुसतं चित्र उचलून मशीनवर छापलं तर पदरासारखं काहीतरी दिसेल, पण पदर पुढे जाणार नाही, कारण तो विणता येणारा माणूसच उरणार नाही.

मग येवला. कोपरगावहून तासाभरात पोचतो आपण. गावात शिरलं की पैठणीच्या दुकानांच्या पाट्याच पाट्या, पर्यटकांच्या बसेस लागलेल्या. (येवला म्हटलं की मला आधी मुक्तिभूमी आठवते, १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती जागा, तिथे जाऊन मगच गावात गेलो.) दुकानांत आम्ही फिरलो नाही, मामाच्या ओळखीने थेट एका विणकर काकांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग, खालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला त्यांचा मुलगा, भिंतीला रंगीत रेशमाच्या लडी, आणि आतून कुकरची शिट्टी.

काकांनी आजीची साडी हातात घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. मग भिंग घेऊन खिडकीपाशी गेले आणि दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, वांगी रंगाचं रेशीम यात नाहीये." मला कळेचना. त्यांनी फाटलेल्या जागेवरून सुटलेला एक उभा धागा आणि एक आडवा धागा अलगद सोडवून कागदावर ठेवला. उभा लाल, आडवा निळा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, दोन्ही मिळून डोळ्याला वांगी दिसतो, आणि चालताना कधी लालसर कधी निळसर मारतो. इतकी वर्षं मी ती साडी बघतेय आणि मला हे माहीत नव्हतं. मी मोबाइलमध्ये फोटो काढून अगदी शेड जुळवून नेली होती, ती शेड घेऊन रेशीम रंगवलं असतं तर कधीच तशी साडी झाली नसती.

मग प्रश्न आला की रंग कुठला धरायचा. कारण साडी उडालेली आहे. आज दिसतो तसा मंद रंग विणायचा की १९५१ साली होता तो? काकांनी दाखवलं की साडीची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जास्त तेजदार आहे. का ते त्यांनाही सांगता येईना, कारण पैठणीला दोन्ही बाजू सारख्याच, कुठूनही नेसा. त्या तेजदार बाजूवर, काठाच्या अगदी कडेला, खरा रंग होता. बराच भडक होता, खरं सांगते. आईला आवडला नाही, ती म्हणाली आजीची साडी अशी नव्हतीच. पण आजीने नेसली तेव्हा ती अशीच होती! उडालेला रंग हा त्या साडीच्या वयाचा रंग आहे, तो नव्या साडीला आधीच देऊन टाकायचा म्हणजे कोवळ्या पोरीच्या केसांना पांढरा रंग लावण्यासारखं झालं. मी भडकच घेतला. अँटिक फिनिश नको, उडवलेला रंग नको, नवी साडी नवीच दिसू दे, ती माझ्याबरोबर उडेल.

एक गैरसमजही माझा तिथे गेला, तोही सांगते. जुन्या साड्या म्हणजे सगळे नैसर्गिक रंग, झाडपाल्याचे, असं आपण धरून चालतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच कारखान्यातले रंग आपल्याकडे यायला लागले होते, १९५१ पर्यंत तर ते सर्रास झाले होते. आजीच्या साडीचा तो तेजदार निळा बघून काकाही म्हणाले, हा डब्यातलाच रंग. तेव्हा कोणी व्हिंटेज म्हणून विकताना नैसर्गिक रंगांची भर घालून किंमत सांगत असेल तर जरा थांबून विचार करा.

जरीवर मात्र मला तडजोड करावी लागली आणि ती मला अजून खटकते. शुद्ध जरी घेतली तर साडीची किंमत माझ्या हाताबाहेर जात होती, चांदीचा भाव कुठे गेलाय ते सगळ्यांना माहीत आहे. मग टेस्टेड जरी घेतली, आत तांब्याची तार आणि वर मुलामा, सुरतेहून येते. दिसते छान, पण आजीच्या जरीचा जो खोल, थोडासा पिवळसर-पांढरा झळाळ आहे तो तिला नाही. दोन्ही साड्या शेजारी ठेवल्या की लगेच कळतं. त्यातली त्यात समाधान एवढंच की ही जाळून कोणाला चांदी मिळणार नाही.

नऊवारी की सहावारी यावर बराच वेळ गेला नाही. माझी उंची पाच फूट सहा इंच, आजी पाच फुटांच्याही आत, तिच्या साडीचा पन्हा मला घोट्याच्या वर राहतो. आणि नऊवारी मी वर्षातून एकदाही नेसत नाही. सहावारी सांगितली, पन्हा मोठा. एका मैत्रिणीने नाक मुरडलं, मग ती तशीच कुठे राहिली म्हणे. मला वाटतं पदर, काठ, ताणा-बाण्याचा रंग हे धरून ठेवायचं, लांबी-रुंदी अंगाला लागते तशी घ्यायची. साडी कपाटात ठेवायला नाही विणून घेतलेली.

आता त्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काका पदर निरखत होते, बोटाने वेल मोजत होते, आणि एका जागी थांबले. खालून तिसऱ्या ओळीत, डाव्या कडेला, आसावलीच्या एका फुलाची सगळीकडे लाल असलेली पाकळी हिरवी होती. एकच. चुकून. "तिल्ली चुकीची उचलली असंल," काका म्हणाले, "नाहीतर अंधारलं असंल." आणि मग त्यांनी मला सरळ विचारलं, "ताई, ही चूक ठेवायची का सुधरायची?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आधी वाटलं ठेवा ना, त्यातच तर सगळी गंमत आहे, अगदी हुबेहूब होईल. मग त्यांच्या मुलाकडे लक्ष गेलं. तो धागे मोजत होता, ओठ हलत होते. त्या १९५१ सालच्या विणकराचं नाव आमच्या घरात कोणालाही माहीत नाही. येवल्यातल्या अशाच एखाद्या खोलीत, अशाच उजेडात बसून त्याने महिनोन्‌महिने हे केलं, आणि एका संध्याकाळी त्याचा हात चुकला. ती चूक त्याची आहे, त्या संध्याकाळची आहे. ती आज एखाद्याकडून मोजून मापून मुद्दाम विणून घेणं मला बरोबर वाटेना. मी म्हटलं, सुधारा. तुमच्या हातून जे होईल ते तुमचं होऊ दे. काका हसले, म्हणाले आमच्या हातनं होतच नाही चूक. मुलगा मागावरूनच म्हणाला, होते होते.

५८ हजार सांगितले, निम्मे आगाऊ दिले. माझ्या तीन वर्षांच्या आरडीचे पैसे होते. महाग आहे, मान्य, पण साडेचार महिने एका माणसाने रोज बसून केलेलं काम आहे ते, दिवसाचा हिशोब करा, रेशीम आणि जरीचे पैसे वजा करा, मग बघा त्याच्या हातात काय पडतं. मी तो हिशोब केला आणि भाव करायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मध्ये दोनदा जाऊन आले, एकदा पदर अर्धा झालेला पाहिला. दिवसभरात कधी दोन बोटं होतो पदर, कधी त्याहून कमी, आणि मग पुढे साधं अंग आलं की भराभर.

आजीच्या साडीचं काय केलं तेही सांगते कारण खूप जणी चुका करतात, आम्हीही केल्या होत्या. ती आता नेसायची नाही आणि कापायचीही नाही, असं घरात ठरलं, मावशीनेही शेवटी ऐकलं. डांबरगोळ्या काढून टाकल्या. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं ते काढलं, त्याने कापड पिवळं पडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची नाही, आत दमटपणा कोंडतो. हँगरला लावायची नाही, जरीच्या वजनाने रेशीम तिथेच तुटतं. दोन-तीनदा धुऊन खळ काढलेल्या पांढऱ्या मलमलमध्ये, घडी घालण्याऐवजी एका जाड नळीवर मलमल गुंडाळून त्यावर साडी सैल गुंडाळली, फाटलेला भाग वर राहील असा. ज्यांच्याकडे तेवढी जागा नाही त्यांनी निदान तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा मोडू नये. जरी काळी पडली म्हणून लिंबू, चिंच, पावडर असलं काही लावू नका, चांदी काळी पडतेच, राहू दे.

लग्नाच्या चार दिवस आधी नवी साडी हातात आली. मी ती घेऊन आधी कोपरगावला गेले. आजीच्या मांडीवर ठेवली. दिसत नाही तिला नीट, म्हणून तिने हातानेच बघितली, काठावरून बोट फिरवत पदरापर्यंत गेली, पदर चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी चोळून बघितला. "मऊ आहे," म्हणाली, "माझी फार टोचायची." मग म्हणाली, "आणि ते हिरवं पान कुठंय?"

आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. तिला माहीत होतं! मी म्हटलं आजी ती चूक होती ना, म्हणून सुधारून घेतली, ते पान आता नाहीये. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तुला सुलट-उलट कसं कळणार?"

आणि मग तिने सांगितलं. पैठणी दोन्हीकडून सारखी, आणि लग्नाकार्याला नेसायची म्हणजे पहाटे अंधारात, कंदिलाच्या उजेडात. सासूबाईंनी सांगून ठेवलेलं की जरीचं वस्त्र नेहमी एकाच बाजूने नेसावं, म्हणजे दुसरी बाजू कोरी राहते, म्हातारपणी उलटून नेसता येतं. ते हिरवं पान डाव्या हाताला आलं की सुलट, उजव्या हाताला आलं की उलट. तेवढं बघून ती नेसायची, दर वेळेला. म्हणून ती एक बाजू इतकी तेजदार राहिलेली. काकांना न सुटलेलं कोडं आजीने कॉटवर बसल्या बसल्या सोडवलं.

मी विचारलं, मग आता काय करू? तर म्हणाली, "करायचं काय त्यात. पदराच्या आतल्या टोकाला हिरव्या दोऱ्याचा एक टाका घाल. डाव्या अंगाला घाल पण, विसरू नको."

लग्नाच्या आदल्या रात्री सगळे मेंदी काढत बसले होते तेव्हा मी आत जाऊन तो टाका घातला.